तुझ्या नंबरवरून कोण बोलत होतं?

बन्सी, तुझी माती होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि तुझ्या नंबरवरून मला मेसेज आला.

केजला स्टँडसमोर चहा पीत उभा होतो. खिशातला फोन वाजला. काढून बघितलं तर वर तुझं नाव आणि शेजारी तुझा तो फोटो. डोक्याला पटका, हातात लाल कंधारी खोंडाचा कासरा, तोंडावर समोरच्याला नुकतंच फसवून आल्यासारखं हसू. माझ्या हातातला कप खाली पडला. चहावाला म्हणाला, "काय तात्या, साप दिसला का काय?" मारक्या बैलाला मी कधी भ्यालो नाही, भर बाजारात अंगावर धावून आलेल्या माणसांना भ्यालो नाही, हे तुझ्यासमोर घडलेलं आहे. पण त्या एवढ्याशा काचेवर उजळलेल्या तुझ्या नावाला भ्यालो. फोन तसाच खिशात घातला आणि घरी येईपर्यंत त्याला हात लावला नाही.

घरी येऊन उघडला. तुझ्या दशक्रियेचा निरोप होता. सगळ्यांचे नंबर तुझ्याच फोनमध्ये, म्हणून घरच्यांनी त्याच्यावरून पाठवला असणार. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी मी घाबरलो, आणि भुताखेताला नाही. तुझ्या नावाआडून दुसरंच कुणी माझ्याशी बोलतंय, आणि हे आजचं नाही, बरंच आधीपासूनचं आहे, असा संशय मला मातीच्या दिवशीच आला होता. या मेसेजनं तो पक्का केला.

तो संशय कसा आला हे तुला सांगायचं आहे. तुझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही.

आपण दोघं बैलबाजारातले दलाल. मी घेणाऱ्याच्या बाजूनं उभा राहायचो, तू विकणाऱ्याच्या. माझा बाप दुसऱ्यांची जनावरं बाजारापर्यंत हाकत न्यायचा, आणि पोराचं नाव श्रीमंत ठेवलं एवढीच त्याची ऐट. पहिल्यांदा मी तुझ्यासमोर सौद्याला उभा राहिलो तेव्हा तू नाव विचारलंस, आणि ऐकून म्हणालास, "नाव लई महागाचं हाय बे. जरा कमी कर, मग बोलू." सगळी दावण हसली. माझं डोकं तापलं. तू खांद्यावरचा टॉवेल काढलास, आपल्या दोघांच्या उजव्या हातांवर टाकलास आणि खाली माझी बोटं धरलीस. कोणतं बोट धरलं, किती दाबलं, त्यावरून किंमत. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही, फक्त टॉवेल हलताना दिसतो.

टॉवेलाच्या वर आपण एकमेकांच्या सात पिढ्या काढायचो.

"ए श्रीमंत्या, बैल घ्यायला आलास का बोकड?"

"तुझ्या बैलाला उभं करायला दोन माणसं लागतेत बन्सी, आन् भाव सांगतोस सोन्याचा! त्याला आधी चारा घाल, मग मला दाखव."

"चारा तुझ्या घरून आण. बैलाचं तोंड बघून तुझ्या गिऱ्हाईकाला रडू यायलंय बघ, एवढं देखणं जनावर त्यानं बघितलंच न्हाई."

लोकांना वाटायचं, आता मारामारी होणार. खाली तुझं बोट मात्र शांतपणे विचारत असायचं, एवढ्यात करायचं का? मी म्हणायचो, अजून थोडं उतर. तू चिमटा काढायचास. मी हात सैल सोडायचो म्हणजे मी निघालो. तू घट्ट धरायचास म्हणजे थांब बे. तीसेक वर्षं असं चाललं. तुझ्या बोटाच्या पेरांवरचे घट्टे, कासऱ्यानं सोलून पुन्हा भरलेली ती तर्जनी, करंगळीचं वाकडं हाड, हे सगळं मला आंधळ्यानं वाट ओळखावी तसं ओळखीचं होतं. आपण कधी एकमेकांच्या घरी मुक्कामाला गेलो नाही. सुखदुःखाचं बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही.

तुला तो दिवस आठवतो का? ऊसतोडीच्या आधीचा मोठा बाजार होता. माजलगावकडच्या कारखान्यांना निघालेले गाडीवाले बैल घ्यायला आले होते, आणि आपण एका जोडीवर अडलो होतो. वर तू नेहमीसारखा ओरडत होतास. खाली तुझा हात घामानं चिंब होता आणि बोटं थंडगार. मी सौदा तिथंच सोडला आणि विचारलं, "घरी काय झालंय?" तू म्हणालास, "काय न्हाई." मी हात सोडला नाही. मग तू कुणाला ऐकू न जाईल असं म्हणालास, "माय दवाखान्यात हाय. सकाळपासून बोलंना." मी तुझा टॉवेल हिसकावून घेतला, तुला शिव्या घालत जीपमध्ये बसवलं, आणि तुझ्या बाजूचे बैल त्या दिवशी मीच विकले. विकणाराही मी, घेणाराही मी. त्या दिवसाबद्दल तू मला कधी एका शब्दानं काही बोलला नाहीस. पुढच्या बाजारात टॉवेलाखाली माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवलास, तेवढंच. मला ते पुरलं होतं.

मग तू बाजारात येणं बंद केलंस.

आधी एक बाजार चुकला, मग दोन. मी फोन केला. "कावून येत न्हाईस बे?" तू म्हणालास, "आता बाजारात काय ठेवलंय? धूळ खायची नुसती. व्हिडिओ टाकतो, बघ. पसंत पडला तर माणूस पाठव." मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. फोनचं मला वावडं नव्हतं. आपल्या दोघांत फोन आधी मी घेतलेला. पण तू तिकडं नांदूरघाटच्या वस्तीवर बसून बैलांचे व्हिडिओ पाठवू लागलास, लोक तुझ्याशी परस्पर बोलू लागले, आणि मी बाजारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा. समोर हात द्यायला कोणी नाही. नवे दलाल फोनवर आकडा टाइप करून एकमेकांना दाखवतात आणि मान हलवतात. तोंडानं भांडतसुद्धा नाहीत. एकानं मला तोंडावर विचारलं, "तात्या, तुमचा बन्सी घरबसल्या सौदे करायला लागला, तुमी कावून अजून उन्हात?" त्याचं उत्तर मी त्याला दिलंच. तुला मात्र माफ केलं नाही. आजही केलेलं नाही. तू मला त्या धुळीत एकटा सोडून गेलास असं मला तेव्हा वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यानंतर तुझं नाव कोणी काढलं की मी उखडायचो. मग माझ्यापुढं तुझं नाव निघायचंच बंद झालं. तू कसा आहेस हे मला सांगायची कोणाची छाती झाली नसावी.

मग ती गाडीवाल्याची भानगड झाली. तुझा व्हिडिओ बघून मी माझ्या गिऱ्हाइकाला बैल घ्यायला लावला. बैल दारात आला तेव्हा कळलं, पलीकडच्या बाजूनं खांदा सुजलेला, जू ठेवता येत नव्हतं. व्हिडिओ सगळा अलीकडच्या बाजूनं. बाजारात असा बैल मी हात फिरवून नाकारला असता, आणि तूही तो मला दाखवला नसतास, कारण टॉवेलाखाली तुझ्या हातानं चुगली केली असती. मी फोनमध्ये आवाज भरून तुला निरोप पाठवला. लांबलचक. त्यात काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "बन्सी, फोन खोटं बोलतो. हात बोलत न्हाई. हिंमत असेल तर ये, हातात हात दे आणि सांग की तुला खांदा दिसला नव्हता."

तुझं उत्तर आलं. अंगठा. नुसता पिवळा अंगठा, वर केलेला.

बैल तू दुसऱ्या दिवशी परत घेतलास, बदल्यात चांगला दिलास, ते खरं. पण तो अंगठा माझ्या घशात अडकला. बाजारात कुणी असा अंगठा दाखवला असता तर मी त्याची गचांडी धरली असती. फोनमधल्या अंगठ्याची गचांडी कुठून धरायची? फोन केला तर तू उचलेनास. "रेंज न्हाई" असं लिहून आलं. पुन्हा केला, पुन्हा तेच.

पुढं मात्र तुझे मेसेज बदलले. सकाळी "राम राम" यायचा. "जेवलास का?" "ऊन लई आहे, डोक्याला बांधून जा." "गुडघा कसा आहे?" बन्सी, इतक्या वर्षांत तू मला जेवलास का म्हणून विचारलं नव्हतंस. मला आधी हसू आलं, मग सवय लागली. सकाळी उठलो की आधी फोन बघायचो. मीही लिहायला, कधी बोलून पाठवायला लागलो. बायकोचं दुखणं, पोराचं पुण्यातलं भाड्याचं घर, बाजारात कोण काय म्हणालं, सगळं. टॉवेलाखाली जे कधी बोललो नाही ते मी तुला फोनवर सांगितलं. मला वाटलं, आपली दोस्ती आता कुठं खरी दोस्ती झाली. बायकोला म्हणालो, "बन्सी सुधारला." ती म्हणाली, "मग जाऊन या की एकदा. जीपला अर्धा घंटा लागतो." मी म्हणालो, "तो बाजार सोडून गेला, यायचं तर त्यानं यावं."

आणि भांडण चालूच होतं. हात खरा की फोन खरा. मी दर दोन-चार दिवसांनी उकरून काढायचो. तू टाळायचास. मग तू जायच्या महिनाभर आधी एक दिवस तू लिहिलंस, "तुझंच बरोबर होतं. हातच खरा."

मी तो मेसेज बाजारभर दाखवला. ज्यानं मला उन्हात उभा म्हणून हिणवलं होतं त्याच्या तोंडासमोर धरला. सगळ्यांना चहा पाजला. बन्सीनं माघार घेतली! तुला ओळखणाऱ्यानं तिथंच ओळखायला हवं होतं. तू आयुष्यात कधी कुणाला तुझं बरोबर आहे असं म्हणाला होतास?

मग तुझ्या जाण्याचा फोन आला.

वस्तीवर पोचलो तेव्हा तुला अंगणात ठेवलेलं होतं. अंगावर पांढरं. तोंड तुझं होतं पण गालाची हाडं वर आलेली. लोक बाजूला झाले. मला काय करावं सुचेना. पाया पडावं असं आपलं नातं नाही. मी तुझ्या उजव्या बाजूला बसलो, पांढऱ्या कापडाखाली हात सारला आणि तुझा हात धरला. दुसरं काही मला येतच नाही.

बन्सी, तो हात मी ओळखला नाही.

अंगठ्याखालचं मांस पार गेलेलं, तिथं खळगा. बोटं आत वळलेली, पक्ष्याच्या पायासारखी. घट्टे नाहीसे झालेले, कातडी तान्ह्या लेकराची असावी तशी मऊ. करंगळीचं ते वाकडं हाड तेवढं सापडलं, त्यावरून तो तूच. जनावर किती दिवस जुवाला नव्हतं हे खांद्यावर हात ठेवून मी सांगतो, तसंच मला हे कळलं. या हातानं वर्ष-दीड वर्षात कासरा धरलेला नव्हता. घास उचलला नव्हता. हा हात फोनवर एक अक्षर उमटवू शकला नसता.

मी हात झटकन मागे घेतला. लोकांना वाटलं मला रडू फुटलं. रडू नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला होता. मी इतके महिने बायकोचं दुखणं कुणाला सांगत होतो? मला रोज सकाळी राम राम कोण म्हणत होतं? आणि माघार कुणी घेतली?

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता यायचं नाही. माझं सगळं पोट समोरच्याची नियत ओळखण्यावर चाललं. आणि मला फोनमधले ते मेसेज पुन्हा पुन्हा वाचूनही कुठला तुझा, कुठला दुसऱ्याचा हे कळेना. सगळी अक्षरं एकसारखी. ना घाम, ना घट्टा, ना थरथर. बैलाचे दात बघून वय सांगतात, मेसेजचं काय बघायचं?

भीती मग तिथंच थांबली नाही. पोराचा मेसेज आला, "ओके तात्या." रोजच येतो. त्या दिवशी तोही मला खरा वाटेना. लगेच फोन लावला.

"हे तूच लिहितोस ना रे?"

"मग कोण लिहिणार? काय झालंय तात्या?"

"तुझा आवाज असा कावून येतोय?"

"गाडीवर आहे. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू का?"

"व्हिडिओत एकच बाजू दिसते. तू घरी ये."

"काम काय आहे?"

"काम न्हाई. ये म्हणलं ना."

त्यानं गाडी बाजूला घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "बघतो." तो ठीक आहे की नाही हे मला अजून माहीत नाही. त्याचा हात मी शेवटचा कधी धरला हेही आठवत नाही. त्याच्या लहानपणी जत्रेत धरला असेल.

हे सगळं मनात घेऊन मी तुझ्या दशक्रियेला आलो. पिंडाला कावळा लवकर शिवेना. लोक एकमेकांना विचारू लागले, काय राहिलंय म्हाताऱ्याचं मनात? तुझा पोरगा हात जोडून घरादाराची वचनं देत होता. मी मागं उभा होतो आणि मला वाटत होतं की हे माझ्यामुळं अडलंय. कावळा शेवटी शिवला, पण माझ्या मनातलं गेलं नाही.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. तुझी सून अश्विनी भांडी आवरत होती. मी ओसरीवर बसलो आणि तिला बोलावलं. तुला ती मामा म्हणायची, मला तात्या. पदर सारखा करत आली, उभीच राहिली.

मी म्हणालो, "मामांच्या फोनवरून मला कोण लिहायचं?"

तिनं नजर खाली घातली. "तात्या, चहा ठेवू का?"

"चहा नको. सांग."

"मी."

"सगळं?"

"सगळं न्हाई. आधी मामाच लिहायचे. मग त्यांची पकड गेली. नसांचा आजार म्हणले डॉक्टर, इलाज न्हाई म्हणले. मामा म्हणले, कुणाला सांगितलं तर याद राखा. आमी लोकांना सांगायचो, पडलेत, हात मोडलाय. मग जीभ जड झाली, फोनवर बोलता येईना. तवापासून मामा सांगायचे आन् मी लिहायची."

"मला कावून न्हाई सांगितलं?" माझा आवाज चढला. आत बायका थांबल्या. "अख्ख्या जगाला नसतं सांगितलं. मला?"

ती घाबरली नाही. तुझ्या घरात राहून तिला ओरडण्याची सवय झाली असावी. म्हणाली, "तुमच्यासाठीच तर बाजार सोडला त्यांनी. म्हणायचे, श्रीमंताच्या हातात हात गेला की त्याला पहिल्या झटक्यात कळंल. मग तो माझ्याशी घासाघीस करायचा न्हाई. दया करील. त्याच्या दयेवर सौदा करू का मी?"

राग आला तुझा, भयंकर आला. मी दया केली असती का? केली असती, बन्सी. तू बरोबर ओळखलंस, म्हणून तर जास्त राग आला.

"आन् ते राम राम? जेवलास का?"

"ते माझं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा जरा हसली. "मामा सांगायचे त्यात निम्म्या शिव्याच. त्या मी कशा लिहू? तुमी सासऱ्याच्या वयाचे. म्हणून शिवी आली की मी जेवलात का लिहायची. पण मामांसारखं दिसावं म्हणून जेवलास का."

"म्हणजे त्यानं मला जेवायचं विचारलंच न्हाई कधी?"

"न्हाई. पण तुमचं बोलणं आलं की दोन-दोनदा लावायला सांगायचे. तुमी शिव्या दिल्या की हसायचे. बाकी कशाला हसले न्हाईत शेवटी शेवटी."

मग मी त्या अंगठ्याचं विचारलं. विचारताना पुन्हा तोच राग वर आला. "बैल फसवला आन् वर मला अंगठा दाखवला. तेवढं तरी तू केलं होतंस का?"

"ते मामांचंच," ती म्हणाली. "तो बैल त्यांनी हात लावून बघितला न्हवता. हाताला कळायचंच बंद झालं होतं. व्हिडिओ पोरांनी काढला. तुमचा निरोप आला तवा मामा म्हणले, फोन इकडं दे, त्याला मीच उत्तर देतो. अर्धा घंटा खटपट केली. एकच बोट चालायचं. शेवटी तेवढं दाबलं गेलं. मग फोन माझ्याकडं दिला, त्याच्यानंतर परत मागितला न्हाई."

मी खांबाला टेकलो. ज्या अंगठ्यासाठी मी तुला वर्षभर शिव्या दिल्या तो तेवढा तुझा होता. ज्या गोडव्यावर मी भुललो तो तुझा नव्हता. मी माणसं ओळखतो म्हणून मिरवत आलो, आणि नेमकं उलटं ओळखलं. आता एकच प्रश्न उरला होता. तो विचारला नाही तर तो मेसेज माझ्याजवळ राहणार होता. विचारला तर कदाचित तोही जाणार. निदान ते एक वाक्य तरी तुझं असू दे, असं मी मनात म्हणत होतो. उठून जावं असंही वाटलं. पण सौदा अर्धा सोडायची मला सवय नाही.

"शेवटचं ते," मी म्हणालो, "तुझंच बरोबर होतं, हातच खरा. ते?"

अश्विनी तेव्हा कुठं खाली बसली. मग म्हणाली, "रागवू नका तात्या. ते मी लिहिलं."

"तो काय म्हणाला होता?"

"तुमचं भांडण मिटंना. मामांना बोलायला लई त्रास व्हायचा, एकेक शब्दाला दम लागायचा. तुमी सारखं तेच विचारायचे. मला वाटलं, एकदा बरोबर म्हणलं की तुमी तरी थांबचाल."

"तो काय म्हणाला होता ते सांग."

तिनं आत बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. "म्हणले, त्या श्रीमंत्याला सांग, हात बी खोटं बोलतो. एका सौद्यात मी तुला हातानं फसवलंय, बे. आजपतुर तुला कळलं न्हाई."

"कोणता सौदा?"

"मी बी विचारलं. सांगितलं न्हाई. नुसते हसले."

मी उभा राहिलो. तुझा हार घातलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यासमोर जाऊन मी तुला जे बोललो ते सगळ्या वस्तीनं ऐकलं. तुझा पोरगा धावत आला. त्याला वाटलं, तात्याला वेड लागलं. अश्विनी तोंडाला पदर लावून एकाच वेळी हसत आणि रडत होती. बोलता बोलता मी खाली बसलो, आणि तेव्हा कुठं मला तू गेल्याचं रडू आलं.

त्या पोरीचा मला राग नाही. इतके महिने रोज सकाळी तिनं मला सोबत दिली, हे मी विसरणार नाही. निघताना मी तिला म्हणालो, "आता स्वतःच्या नंबरवरून राम राम करत जा." ती करते. मीही तिला उत्तर देतो.

पण तू मला कुठं आणून सोडलंस बघ. मी रोज जुने सौदे आठवतोय. प्रत्येकात तुझं बोट पुन्हा दाबून बघतोय. ती पांढरी जोडी होती का? तो शिंगमोडा? प्रत्येक ठिकाणी तुझा हात मला खरा वाटतो, आणि फसवणारा हात तर खराच वाटणार. तुझी माय दवाखान्यात होती त्या दिवसाकडं मी जातच नाही. तिथं जायची भीती वाटते. तेवढं तरी मी नीट ओळखलं होतं, असं धरून चाललोय. आणि कधी वाटतं, असा सौदा झालाच नसेल. मरता मरता, श्वास पुरत नसताना, मला घोर लावायला तू ही थाप मारलीस. ते तर अगदी तुझ्यासारखं. दोन्हीपैकी काय खरं ते सांगणारं आता कोणी नाही. अश्विनीला पुन्हा विचारलं तर ती माझं मन राखेल, म्हणून तिला विचारणार नाही.

बाजारात मी सगळ्यांना सांगितलं की तो मेसेज खोटा होता. ज्यांना चहा पाजला होता त्यांनाच एकेकाला गाठून सांगितलं. ते हसले, हसू देत. बन्सीनं माघार घेतलेली नाही, म्हणालो. आमचं भांडण मिटलेलं नाही.